घुगऱ्यांचं नाक

सोमशेखर घुगरेच्या गळ्यात लिंग होतं, कपाळाला विभूती होती आणि पगार मात्र वाइन तोंडात घेण्याचा मिळत होता. तोंडात घ्यायची, घोळवायची आणि थुंकायची. घशाखाली थेंब उतरू द्यायचा नाही. शाहूपुरीतल्या कट्ट्यावर कुणी पावणं आलं की मंडळी हटकून ओळख करून द्यायची, "ह्ये आमचं घुगरे. थुंकायचा पगार घेत्यात बगा." सोमशेखर हसायचा आणि मनात म्हणायचा, हसा लेकांनो, तुमच्यातल्या एकाला तरी देवानं असलं नाक दिलंय का?

नाक खरंच तसं होतं. माणूस मूळचा नेसरीचा. नव्वद-एक्क्याण्णव साली तो कोल्हापुरात गुळाच्या अडतीवर कामाला लागला. सौदा सुरू होण्याआधी गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, कोपरा फोडायचा, नाकाशी धरायचा आणि सांगून मोकळं व्हायचं: ह्यात पावडर जास्त पडलीया, ह्यो ऊस पुराच्या पाण्यात उभा हुता, ह्याचा रस कढईला लागलाय. व्यापारी आधी थट्टा करायचे, मग गुऱ्हाळात चौकशी करून यायचे आणि गप्प बसायचे. पुढं पुढं तर घुगऱ्यानं हुंगलंय म्हटल्यावर दुसरं कुणी रवा फोडायच्या भानगडीत पडत नसे. मार्केट यार्डात इतकं कुणाचं ऐकून घेणं म्हणजे नवलच, कारण तिथं प्रत्येकजण स्वतःला शहाणा समजतो.

हे नाक मृत्युंजयअण्णांनी हेरलं. अण्णांची फौंड्री होती, आवाज फौंड्रीत कमावलेला होता आणि दोन हजार एकच्या सुमाराला त्यांच्या डोक्यात वाइनचं खूळ शिरलं होतं. कागलच्या रस्त्याला त्यांनी शेड उभी केली, टाक्या आणल्या, ओकच्या लाकडाची पिंपं आणली. द्राक्षं तासगावकडून यायची.

"अण्णा, मी लिंगायत माणूस," सोमशेखर म्हणाला.

"मग मी कोण हाय? पी म्हणून कोण सांगतंय तुला? थुंक की!"

आईला, म्हणजे अव्वाला, थेंबही गिळणार नाही असा शब्द देऊन तो गेला. बायको शांतादेवी आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. नंतर बोलली ती नियम सांगायलाच. कामावरचे कपडे मागच्या दारी वेगळ्या बादलीत टाकायचे, अंघोळ करायची आणि मगच घरात पाऊल टाकायचं. ती रोज सकाळी डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसायची आणि तिच्या घरात त्या वासाला जागा नव्हती.

पुण्याहून एक सर शिकवायला आले. त्यांनी महिनाभर सोमशेखरला रंग, वास, चव, नंतर मागे राहणारी चव, सगळं दाखवलं. जाताना एक गोष्ट त्यांनी तीनदा सांगितली. वाइनचे बहुतेक दोष नाकाला कळतात, पण एक दोष लबाड आहे. त्याला उंदीर म्हणतात. पेल्याला नाक लावलं तर तो नसतो, घोट तोंडात घेतला तरी नसतो. थुंकून दहा-पंधरा श्वास झाले की जिभेच्या मुळाशी उठतो, उंदरानं तांदळाची कणगी घाण करावी तसा. काही माणसांच्या तोंडाला तो जन्मात कळत नाही. मृत्युंजयअण्णा त्यातलेच निघाले. ज्या वर्षी तयार द्राक्षांवर पाऊस पडेल, त्या वर्षी आधी उंदीर शोधायचा, असं सर म्हणाले आणि पुढं मुलाकडे बंगळूरला कायमचे निघून गेले.

असं वर्ष आलं ते दोन हजार सहाचं. जानेवारीत घड पिकत आले असताना तीन दिवस पाऊस कोसळला. मणी तडकले, घडांच्या पोटात बुरशी धरली. अण्णांनी स्वतः बायाबापड्यांच्या रांगेत बसून एकेक घड निवडला, कात्रीनं कुजका भाग काढला. त्या वर्षी पांढरी वाइन झालीच नाही. लाल झाली, शिराज द्राक्षाची, सगळी मिळून सहा पिंपं. ती दोन वर्षं मुरवायची आणि मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलवाल्यांना दाखवायची. त्यांनी घेतली तर वायनरी राहील, नाहीतर अण्णा शेडला कुलूप लावणार, हे झाडूवालीपासून सगळ्यांना ठाऊक होतं. घ्यायचं की नाही हे हॉटेलवाले ठरवणार, पण त्यांच्यापुढं काय ठेवायचं ते सोमशेखर.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सोमशेखर ल्यूनावरून घसरला. रस्ता ओला होता, डोक्याचा मागचा भाग आपटला. चार टाके पडले, आठवडाभर डोकं गरगरत राहिलं आणि मग बरं वाटलं. फक्त ऊदबत्तीचा वास येईना. सर्दी असेल म्हणून त्यानं सोडून दिलं. पंधरा दिवसांनी तो चुलीशेजारी पेपर वाचत बसला होता आणि तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला. शांतादेवी परसातून धावत आली.

"अवो, घरभर धूर झालाय! नाकाला काय बोळं घातल्यासा व्हय?"

त्यानं मान वर केली. तिनं त्याचा चेहरा बघितला आणि जळकी भाकरी त्याच्या नाकाशी धरली.

डॉक्टर म्हणाले, आत बारीक तंतू असतात, आपटल्यावर तुटतात. येईल कदाचित, नाहीही येणार. नाही आलं. जीभ शाबूत होती. आंबट, गोड, कडू, तुरट एवढं कळत होतं. पण वाइनमध्ये त्यापलीकडचं जे जे असतं ते सगळं नाकाचं, आणि नाक म्हणजे आता तोंडावरचं नुसतं हाड होतं. सोमशेखरला रडू आलं ते त्या दिवशी नाही. चार दिवसांनी यार्डावरून जाताना आलं. गुळाच्या गाड्या उतरत होत्या आणि त्याच्या दृष्टीनं त्या विटांच्या गाड्या होत्या.

घराबाहेर त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगायचं होतं तरी काय? नाक गेलं म्हटल्यावर घुगरे नावाचा माणूस शिल्लक किती राहतो, याचा हिशेब त्याला करवत नव्हता. दोन महिने त्यानं रंग बघून आणि जिभेवर भागवून नेलं. मग एका टाकीला आंबूस वास सुटला होता आणि तो तिच्याजवळ अर्धा तास उभा असून त्याला पत्ता नव्हता. झाडूवालीनं नाकाला पदर लावला तेव्हा त्याला समजलं. त्या संध्याकाळी तो औषधाच्या धुतलेल्या बाटलीत नमुना घेऊन घरी आला आणि मागच्या दारी बादलीपाशी उभा राहिला.

"शांते, नुसता वास घे. शिवू नगंस. मी धरतो."

ती बराच वेळ त्या बाटलीकडे बघत राहिली. मग पदर खोचून पुढं झाली.

वर्षभर तसं चाललं. तो बाटली धरायचा, ती वाकून हुंगायची. तिला ना शिराज माहीत ना कॅबर्ने, पण नाक तिचंही काही कमी नव्हतं, आणि ती आपल्या घरातल्या शब्दांत सांगायची. ह्याला नव्या गाडग्याचा वास हाय. ह्यात चिंचेचा कोळ हाय. ह्ये भिजून वाळलेल्या गोणपाटागत येतंय, टाका तिकडं. तो ते पाठ करायचा आणि सकाळी अण्णांसमोर पेला फिरवून म्हणून दाखवायचा. अण्णा खूश.

"सोमा, अलीकडं तुजं बोलणं लई सुधारलंय गा!"

हे ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

डिसेंबर दोन हजार सातमध्ये हॉटेलवाल्यांकडून वाइन चाखायला मुंबईच्या बाई येणार असं ठरलं. आदल्या दिवशी सोमशेखरनं सहाही पिंपांतले नमुने घरी आणले. शांतादेवीनं सगळे हुंगले. जांभूळ, ती म्हणाली. कुटलेली मिरी. नवी पेटी उघडल्यावर येतो तसा लाकडाचा वास. "बरी हायती की वो समदी. पावसाच्या सालातली हायती असं वाटत बी न्हाय."

त्यानं तोंडात घेऊन बघितलं. आंबटपणा उतरलेला होता. सरांनी सांगितलं होतं, आंबटपणा उतरला की उंदराला जागा होते. आता एकच विचारायचं राहिलं होतं: तोंडात घेशील का? तिच्याकडे नाक होतं पण ती चाखणार नव्हती. तो चाखत होता पण त्याला नाक नव्हतं. दोघांचं मिळून एक तोंड झालं असतं तरच उंदीर सापडणार होता. शब्द त्याच्या ओठांवर आले आणि तिनं बाटल्या विसळून उपड्या घातल्या तरी ते तिथंच राहिले. सकाळी ती ज्या तोंडानं मंत्र म्हणायची ते तोंड मागायचं कसं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. ते खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. तिनं उंदीर आहे म्हटलं असतं तर ते अण्णांना सांगायला त्यालाच जावं लागलं असतं. तो भ्याला होता.

मुंबईच्या बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सहाही पिंपांतलं मिसळून भरलेला पेला उजेडाला धरला, फिरवला, वास घेतला आणि भुवया वर गेल्या.

"ही सहाची? पावसातली?"

अण्णांनी सोमशेखरकडे अशा कौतुकानं बघितलं की त्याला मान खाली घालावी लागली. बाईंनी घोट घेतला, घोळवला, थुंकला आणि वहीत लिहायला घेतलं. दोन ओळी लिहिल्या. तिसऱ्या ओळीच्या मध्ये पेन थांबलं. त्यांनी जीभ टाळूला लावली, तोंड वाकडं केलं, पाणी मागितलं.

"घुगरे, ही तुम्ही चाखलीत?"

"व्हय."

"थुंकल्यावर थांबला होतात?"

सोमशेखरनं रिकामा पेला फडक्यानं पुसायला घेतला.

"उंदीर आहे यात."

अण्णांनी घाईनं स्वतः घोट घेतला, थुंकला आणि वाट बघितली. "मला तर काय लागंना, बाई."

"तुम्हाला लागत नसेल. यांना लागायला हवा होता." बाईंनी वही मिटली. "माझं तोंड आज गेलं, आता मला काही चाखता येणार नाही. उद्या सकाळी आठला मी निघतेय. सहातलं एखादं पिंप स्वच्छ असेल तर त्याचा नमुना तेवढा द्या. निवडून द्या मात्र."

गाडी गेल्यावर अण्णा म्हणाले, "चल सोमा, लाग कामाला. एक तरी निगंलच की."

तेव्हा त्यानं सांगितलं. उभ्या उभ्या, पिंपाला हात टेकून. अण्णा ओरडतील असं त्याला वाटलं होतं, ओरडले असते तर बरं झालं असतं. फौंड्रीच्या या टोकाकडून त्या टोकाला ऐकू जाणारा माणूस इतकं हळू बोलला की नीट ऐकू येईना.

"मग गाडगं... गोणपाट... ते कुणाचं हुतं?"

"शांताचं."

अण्णांच्याही गळ्यात लिंग होतं. ते पिंपाच्या बुडाशी बसले. "वैनीस्नी चाखा म्हणून मी सांगणार न्हाय," ते शेवटी म्हणाले. "तू बी सांगू नगंस."

सोमशेखर घरी आला तो सांगायला नाहीच. सगळं संपलं एवढंच म्हणायचं होतं. पण तिनं खोदून खोदून विचारलं, आणि उंदीर म्हणजे काय, तो कुठं कळतो, हे त्याच्या तोंडून निघून गेलं.

"काल ठावं हुतं तुमास्नी?"

"व्हय."

"काल का न्हाई सांगटलासा? काल मी आपल्या मागच्या दारी घेटलं असतं. आता चार मान्सांम्होरं घ्याय पायजे." तिनं चपला पायात सरकवल्या. "चला. रिक्षा बगा."

पाच वाजता ती पिंपांपुढं उभी होती. अण्णांनी कामगारांना बाहेर घालवलं आणि स्वतः दाराशी पाठ फिरवून बसले. शांतादेवीनं गळ्यातलं लिंग पदराखालून पाठीकडे सारलं, जणू त्यानं बघू नये म्हणून. मग पेला घेतला. घोट घेताना तिचे डोळे मिटलेले होते. ती थुंकली. सोमशेखर मनात श्वास मोजत होता. बाराव्याला तिचा चेहरा बदलला.

"हाय."

एकाची घाण दुसऱ्यात मिसळू नये म्हणून तो तिला मधे कोरडी भाकरी चावायला लावत होता, पाऊण तास थांबवत होता. दुसऱ्यात होता. तिसऱ्यात होता. चौथ्याला तिला उलटी येऊ लागली, ती भिंतीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "असू द्या, द्या म्होरलं." पाचव्याला वीस श्वास झाले. पंचवीस झाले. ती बोलेना. त्यानं इतक्या आशेनं तिच्याकडे बघितलं की तिला त्याची दया आली असावी, कारण तिनं आणखी थोडा वेळ लावला. मग तिनं मान हलवली. सहाव्यात तर थुंकल्या थुंकल्या होता.

"समद्यात हाय वो," ती म्हणाली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली.

अण्णा उठले. त्यांनी तिच्यापुढं हात जोडले आणि दिवे एकेक करून बंद करत गेले.

बाहेर भिंतीला नळ होता. शांतादेवी चूळ भरत राहिली. बोटानं दात घासले, जीभ घासली, मुठीत माती घेऊन हात धुतले, पुन्हा चूळ भरली. पाणी तिच्या कोपरांवरून वाहत होतं आणि ती थांबत नव्हती. शेवटी तिनं नळ बंद केला, लिंग पाठीकडून पुढं घेतलं आणि पदरानं तोंड पुसत त्याच्याजवळ आली.

"सकाळी पूजेला बसायचं हाय मला," ती म्हणाली, आणि सवयीनं तोंड उघडून त्याच्यापुढं धरलं. "बगा बरं. गेला का वास?"

तो वाकला. तिच्या तोंडाशी नाक नेऊन त्यानं छाती भरेल एवढा श्वास घेतला. पाण्याचा नाही, मातीचा नाही, तिचासुद्धा नाही, त्याला कशाचाच वास आला नाही.

"गेला," तो म्हणाला.