खरखरमामा आणि आजोबांची गिटार

खरखरमामांच्या दुकानात बिघडलेली वस्तू टेबलावर ठेवण्याआधी तिचा आवाज तोंडाने काढून दाखवावा लागे. गिऱ्हाईक कितीही मोठे असो, त्यातून सुटका नसे. मग मामा डोळे मिटून तोच आवाज स्वतः काढत. तो इतका हुबेहूब असे की बंद स्पीकर चालू झाला की काय म्हणून माणसे मागे वळून पाहत. आवाज काढताना त्यांचे ओठ हललेले मी कधी पाहिले नाहीत.

ईरा, नील, तुमच्याकडे असलेली आजोबांची गिटार याच मामांनी दुरुस्त केली. तुम्ही त्यांना पाहिलेले नाही, म्हणून क्रमाने लिहिते.

सोलापुरात कन्ना चौकामागच्या एका बोळात त्यांचे दुकान होते. घराणे तेलुगू विणकरांचे. मामा आधी यंत्रमागांच्या मोटारी दुरुस्त करत, पुढे ऑर्केस्ट्रावाल्यांचे अॅम्प्लिफायर आणि गिटारी करू लागले. भिंतीपलीकडे दिवसभर माग खडखडत असत, तरी तारेतली बारीक गुणगुण त्यांना ऐकू येई. "मागाचा आवाज म्हंजे आमची शांतताच की, बाई," ते म्हणत. "तो थांबला की मला भ्या वाटतंय."

आजोबा त्यांचे जुने गिऱ्हाईक. आजोबांची हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवून, पोलादी कांडी तारांवर फिरवून वाजवायची असते, हे तुम्हाला आता ठाऊक आहेच. आजोबांना जाऊन वर्ष झाले तेव्हा ईरा फोनवर म्हणाली, "आजी, ती मला हवी. पण वाजणारी हवी." जुलैत तुम्ही येणार होतात. मी पेटी उघडली, गिटार स्वच्छ केली आणि अॅम्प्लिफायरला जोडली. घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. तारांवर हात ठेवला तरी तो थांबेना. आणि त्या आवाजाच्या तळाशी कोणी पुरुष हळू बोलत होता. कन्नडमध्ये.

आजोबा कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीचे. आपल्या आईशी ते कन्नडच बोलत. मला त्या भाषेतले चार शब्द येतात. गिटार दुरुस्तीला न्यायची सोडून मी रोज दुपारी चार वाजता ती लावून समोर खुर्चीत बसू लागले. असे तीन आठवडे गेले. तुमच्या बाबांना मी हे कळवले नाही. मग तुमची तिकिटे काढल्याचा निरोप आला आणि दुसऱ्या दिवशी मी रिक्षा केली.

"करून दाखवा," मामा म्हणाले.

"मामा, मी तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले आहे. भर बोळात घूं घूं करू?"

"मग इंग्रजीत करा की."

मी केले. मामांनी डोळे मिटले, पण आवाज काढला नाही. "एवढंच न्हाय," ते म्हणाले. "तुमी कायतरी गाळलंय."

मी पेटी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी गिटार लावली. घूंऽऽ सुरू झाले, आणि त्याखाली तो माणूस. मामांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि कामाला लागले. केबल बदलली, बटणे फिरवली, तारांखालच्या चुंबकांवर पेचकसाने टिचकी मारली. प्रत्येक वेळी म्हणाले, "ही न्हाय." मग मला तारांवर हात ठेवायला लावला. आवाज तसाच. "चांगली गिटार माणसाचा हात लागला की गप्प बसती. हिला तुमचा हात कळंना." त्यांनी तारा जिथे अडकवतात ती पट्टी उचलली, तिच्याखालची एक बारीक तार दाखवली आणि भिंग मला दिले. "तुटली न्हाय ही. कापलीय. सरळ."

माझी शिस्त तुम्हाला माहीत आहे. पुसताना पट्टीखालून केसाएवढे एक टोक बाहेर आलेले दिसले. कचरा समजून मी ते भरतकामाच्या कात्रीने कापले होते.

"तुमी व्हय?"

"नीटनेटके दिसावे म्हणून."

मामा हसले नाहीत. "ह्याच तारेनं सगळ्या तारा आत जोडलेल्या असत्यात. ही गेली की गिटार हवेतलं कायबी धरती, रेडिओवानी."

"मग कुठले स्टेशन आहे हे?"

मामांना कन्नड चांगले येई. ते बराच वेळ कान लावून ऐकत राहिले. "स्टेशनवाले असं एकाच माणसाशी बोलत न्हाईत," ते म्हणाले. "काय म्हंतोय, सांगू?"

मी नको म्हणाले. कांद्याचे भाव निघाले असते तर मला सोसले नसते, आणि दुसरे काही निघाले असते तर तेही.

त्यांनी चिमट्याने तारेची दोन्ही टोके एकमेकांना टेकवली. माणूस वाक्याच्या मध्येच थांबला. टोके सोडली, तो पुन्हा बोलू लागला. "जोडली की ह्यो जाणार," मामा म्हणाले. "बोला, जोडू का?" पलीकडे माग चालले होते. मामा घाई करत नव्हते. ईराला वाजणारी हवी होती. मी म्हणाले, "जोडा."

त्यांनी बटण बंद करून तारेची टोके सोल्डरने पक्की जोडली. पुन्हा लावल्यावर नुसती बारीक गुणगुण उरली, आणि मी हात ठेवताच तीही थांबली. "एवढी ऱ्हाणारच," मामा म्हणाले. "पण ध्यानात ठेवा, कुणाचा हात लागल्याबिगार ती गप्प बसत न्हाय."

मे महिन्यात एका दुपारी मामांच्या शेजारच्या मागवाल्याचा फोन आला. त्यांच्या बोळातली वीज गेली, सगळे माग एकदम थांबले, आणि मामा खुर्चीतच गेले. आमच्या भागात वीज होती. चार वाजले होते म्हणून मी सवयीने गिटार लावली होती आणि ती गुणगुणत होती. फोन माझ्या कानाशी असतानाच ती गप्प झाली. अॅम्प्लिफायरचा लाल दिवा जळत होता. मी जाऊन तारांवर तळवा ठेवला. कोमट लागल्या. मे महिन्यात सोलापुरात सगळेच कोमट असते, हे मला समजते.

नील, तू लिहिले आहेस की खोलीत कोणी नसताना गुणगुण कधीकधी आपोआप थांबते, आणि तिथल्या कारागिराला दाखवू का. जोड पक्का आहे, मी भिंगातून पाहिला आहे. दाखवू नकोस. गुणगुण पुन्हा सुरू होईपर्यंत दाराबाहेर थांब, मग आत जा.