गिरणीवाली अक्का गेममध्ये उतरली

पिंप्राळ्यातल्या गिरणीवाल्या अक्काचे कान असे होते की दळणात खडे आहेत का, हे ती आवाजावरून सांगायची. पाठ करून बसलेली असायची, बाई गहू ओतायची, आणि अक्का न बघता म्हणायची, "खडा शे त्यामा. निवडीसन आण." बाई गुपचूप डबा उचलायची. गिरणीसमोरच माझा रिक्षा स्टँड. मी कोपऱ्यावरून वळायच्या आधीच ती ओरडायची, "सुपडू, तुन्हं मागलं चाक रडी ऱ्हायनं!" मी म्हणायचो, काही नाही झालं. मग एक दिवस नशिराबादच्या रस्त्यावर ते चाक निघून माझ्या पुढे गेलं. कोणाचं तरी चाक सुटलं म्हणून मी त्याला साइडसुद्धा दिली.

अक्का धुळ्याकडची, तिची बोली शेवटपर्यंत बदलली नाही. नवरा लवकर गेला. एकच मुलगा, निल्या. त्याला शिरपूरला कॉलेजात घातलं होतं, तो दोन महिन्यांत परत आला आणि आमच्या स्टँडवर बसून मोबाइलवर बंदुकीचा गेम खेळायला लागला. कोणता गेम ते सांगायला नको, सगळी दुनिया तोच खेळते. दरवर्षी नवा भाग येतो. नकाशा नवा, बंदूक नवी, मरण तेच. चार जणांची टीम असते. गोळी लागली की माणूस लगेच मरत नाही, रांगत राहतो. जोडीदाराने जवळ येऊन उचललं तर वाचतो. मी चौथी नापास, पण या गेममध्ये नेहमी पहिला. मरण्यात.

एका दुपारी अक्काने निल्याला तीन हाका मारल्या. तो हलला नाही. चौथ्या वेळी ती स्वतः आली, त्याच्या हातातला फोन घेतला आणि चालू गिरणीत टाकला. जो आवाज झाला, तो आठवला की अजून माझे दात शिवशिवतात. गिरणीच्या दगडाला छिन्नीने नव्याने टाकी लावून घ्यावी लागली. निल्या उठला. घरात गेला, पिशवी भरली आणि सुरतेची गाडी पकडली. तिकडे कापडाच्या कारखान्यात लागला, एवढंच कळलं. नंबर बदलला. दोन वर्षं अक्काने त्याचा आवाज ऐकला नाही. आणि तिचे कान तर असे!

मग एकदा ती मला म्हणाली, "सुपडू, असं काय शे त्या गेममा? बठ्ठी दुनिया खेळस. मन्हा पोऱ्या त्यानासाठे माले सोडी गया. माले दखाड."

मी म्हटलं, "अक्का, मारायला मजा येते."

"तुले काय माहीत? तू तं मरस."

स्वतःचा फोन घेऊन शिकायला बसली. पिठाच्या बोटांनी स्क्रीन पांढरी व्हायची, ती पदराने पुसायची. महिनाभर तिने एकालाही गोळी मारली नाही. झाडामागे बसून ऐकायची. "डावीकडे दोन जण शेतस. एक जिना चढी ऱ्हायना." मी म्हणायचो, कोणी नाही. आणि मरायचो.

एक गोष्ट मी तिच्यापासून लपवली होती. गेममध्ये निल्या अजून माझा दोस्त होता. दर रविवारी दुपारी तीनला त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका यायचा आणि आम्ही खेळायचो. त्याने बजावलं होतं, "सुपडूभाऊ, घरी सांगितलं तर तुलाही काढून टाकेन. मग शोधत बस." शेवटी मला राहवेना. अक्काला सांगून टाकलं. माझी भीती एकच होती, ती म्हणेल, तू त्याच्याशी बोलतोस आणि मला सांगत नाहीस? तिने ऐकून घेतलं आणि नेमकं तेच म्हणाली. वर दोन दिवस माझ्याकडे बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माले फक्त ऐकनं शे. बोलनार नही."

मग मी माझं डोकं चालवलं, म्हणजे घोळ आलाच. रविवारी निल्याला सांगितलं, "हा माझा मावसभाऊ. मुका आहे. ऐकू मात्र चांगलं येतं." अक्काचा माईक मी माझ्या हाताने बंद केला. तीन वाजता तिने गिरणी थांबवली, आम्ही आतल्या खोलीत दोन पाटांवर बसलो, आणि तिच्या फोनमधून निल्याचा आवाज आला, "मावसभाऊ, माझ्या मागे राहा." अक्काने पदर तोंडात कोंबला. डोळे स्क्रीनवर. माझा माईक चालू होता. ती खोकली असती तरी संपलं होतं.

असे पाच-सहा रविवार गेले. ती माझ्या कानात सांगायची, मी मोठ्याने बोलायचो, "मावसभाऊ म्हणतो, गच्चीवर दोघं आहेत."

"मुका आहे ना?"

"हातवारे करतो."

"सुपडूभाऊ, तुझ्यापेक्षा मुका बरा."

खेळ संपला की ती सांगायची, त्याले सर्दी व्हयेल शे, किंवा आज जेवना नही वाटस. मी म्हणायचो, तो तर फक्त 'उजवीकडे चल' म्हणाला. ती म्हणायची, "आवाजमा कळस ना."

एकदा मी विचारलं, "अक्का, कळलं का, लोक का खेळतात ते?"

तिने गिरणीकडे बोट दाखवलं. तीन बाया उभ्या होत्या, सासू, नणंद, नवरा, सगळ्यांबद्दल भडाभडा बोलत होत्या. "दख. घरमा तोंड उघडतस नही ह्या. आठे का बोलतस? समोर पीठ पडी ऱ्हायनं. बठ्ठ्या पीठकडे दखतस, एकमेकीकडे कोन्ही दखत नही. तुमना गेमबी तसाच शे. बंदूक तं नावले." मी एवढी वर्षं खेळलो, मला वाटत होतं बंदूक चांगली म्हणून चालतो.

मग तो रविवार आला. शेवटच्या दोन टीम उरल्या होत्या. मी अर्थातच मेलेला, माझा माईक बंद करून नुसता बघत होतो. निल्या एका पडक्या घराच्या अंगणात गोळी लागून पडला. रांगायला लागला. अक्का विहिरीमागे. मध्ये मोकळं मैदान आणि पलीकडे बंदूकवाला. निल्या ओरडला, "मावसभाऊ, येऊ नको! तूपण मरशील!" मी म्हटलं, "अक्का, बँडेजचं बटण दाबा," आणि घाईघाईत तिच्या फोनवर मीच बोट घातलं. ते बँडेजचं नव्हतं. ते माईकचं होतं.

अक्का उठली आणि सरळ मैदानातून पळाली. "थांब रे! हलू नको! उनी, मी उनी!"

तिचा आवाज सुरतेत पोचला होता. तिकडून आता नुसत्या गोळ्या. अक्काला काही कळलं नव्हतं, ती त्याच्याजवळ जाऊन बसली होती, उचलायचा आकडा उलटा मोजला जात होता. मी तिच्या फोनवरच्या उघड्या माईककडे बघत होतो. बंद करायला हात उचलेना. आकडा संपला. निल्या उभा राहिला. मला वाटलं, आता निघून जाणार.

तो म्हणाला, "माय, वाकीसन पळ."

अक्काने स्क्रीनवरून नजर काढली नाही. वाकून पळाली. दहा पावलांवर दोघं मेले. हिरवा ठिपका गेला.

तो आठवडा कसा गेला ते माझं मला माहीत. निल्याने मला गेममधल्या दोस्तांच्या यादीतून काढून टाकलं होतं, म्हणजे धागा तुटला, आणि तोडला मी. अक्का एका शब्दाने रागावली नाही, म्हणून तर मला जेवण जाईना. पुढच्या रविवारी तीनला ती आतल्या पाटावर फोन घेऊन बसली. मी दारात. सव्वातीन झाले. साडेतीन झाले. बाहेर बायांची दळणं खोळंबली होती. मी म्हटलं, "अक्का, तो आता नाही येणार. माझ्या थोबाडीत मारा, पण उठा."

तेवढ्यात फोन वाजला. गेममधून निल्याचं बोलावणं. माझ्या फोनवर नाही, तिच्या. मी लगबगीने माझ्या पाटावर बसायला गेलो, तर ती वर न बघता म्हणाली, "तू बाहेर व्हय. गिरणी चालू कर."

त्या दिवसानंतर अक्का माझ्याबरोबर एकदाही खेळली नाही. त्या दुपारी मात्र मी गिरणी चालू केली आणि आत कान लावून उभा राहिलो. तिचंच बोलणं ऐकू येत होतं. "कुठे शे तू?... दखी लिधं, जिनावर एक शे... मी मागे शे ना." मग बराच वेळ गोळ्या. मग एकदम, "जेवना का रे?" पलीकडून काय उत्तर आलं, ते माझ्या कानांना काय कळणार? थोड्या वेळाने अक्का म्हणाली, "मंग वरण पातळ करत जाय. आनी उजवीकडे दख, दोन जण ई ऱ्हायनात."

एक बाई माझ्या अंगावर ओरडली, "अरे मेल्या, माझ्या गव्हात कोणाची ज्वारी ओतलीस?"

मी तिला म्हटलं, "हळू बोला वहिनी, आत मायलेकरं बोलताहेत."