मिमीचा ताबा

नातसून चंदन उगाळायला बसली की मला यवतमाळच्या कोर्टाचा व्हरांडा आठवतो.

माझी आई मेल्यावर बापाने दुसरं लग्न केलं आणि मला दिग्रसला आजीकडे आणून टाकलं. मामा तेव्हा रंगूनला नोकरीला होता. बायको त्याने तिकडचीच केली होती. तिच्याशी भांडण झालं, तसा तो तिला न सांगता पोरीला, मिमीला, बोटीत घालून इकडे घेऊन आला. मामी मागोमाग आली आणि तिने कोर्टात दावा लावला.

निकालाच्या दिवशी मिमीचा एक हात मामाने धरला होता, दुसरा मामीने. मामी उरलेल्या हाताने तिच्या गालांना पिवळा लेप लावत होती. त्याला चंदनासारखा वास होता. मी फुटाणे खात बघत होते आणि आतून जळत होते.

"ताबा कोनाले भेटते, पाहू," आजी म्हणाली.

ताबा शेताचा असतो एवढंच मला माहीत होतं. मी विचारलं, "आजी, माहा ताबा कोनाजवळ हाय?"

"तुले कोन मांगून राह्यलं वं?" आजी म्हणाली. तेवढ्यातही मामा हसला.

जज्जसाहेबांनी सांगितलं, पोरगी जिथे वाढली तिथे आईबरोबर परत जाईल, पुढचं तिथलं कोर्ट ठरवील. मामा भिंतीला टेकून रडला.

बिचाऱ्या पोरीची केवढी ओढाताण झाली, असं घरात अजून म्हणतात. मला तिचा अजून हेवा वाटतो. तिचे दोन्ही हात कोणीतरी धरले होते. माझे दोन्ही फुटाण्यांसाठी मोकळे होते.