चढावरचं घर

माझे यजमान लष्कराच्या भांडारातून निवृत्त झाले आणि भिंगारचं क्वार्टर सोडायची वेळ आली. मग आम्ही घरं बघत फिरलो. कुठे पाण्याची बोंब, कुठे शेजारी मंगल कार्यालय, कुठे कागदपत्रं अर्धवट. पुढेपुढे तर मी घरात शिरल्याबरोबर बसायला जागा शोधायचे. खोल्या बघायचं काम त्यांच्यावर सोडायचे.

शहराच्या कडेला टेकडीवर चढत गेलेली एक वस्ती आहे. तिथलं एक घर ह्यांच्या मनात भरलं. रिक्षा देवळाच्या वळणापर्यंतच येते. पुढे अरुंद, उभा सिमेंटचा चढ. वर पोचेपर्यंत माझे गुडघे ठणकायला लागले. हे मात्र थेट गच्चीत जाऊन उभे राहिले. खाली सगळं नगर पसरलेलं.

"इथं कसलाच आवाज येत नाही," ते म्हणाले. भोंग्यावर उठण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसाचं ते बोलणं होतं. मला लगेच नाही म्हणवलं नाही.

घर एका निवृत्त मास्तरांचं होतं. ते ह्यांना पाण्याची टाकी दाखवत होते, तेव्हा त्यांच्या बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"घर चांगलं हाय ताई. ओल न्हाई, वारा लई. पन मी दिवाळीपासून खाली उतरले न्हाई."

"मग बाजारहाट?"

"हे आनतात. पन सोता निवडून भाजी घेतल्याला लई दिवस झाले."

उतरताना मी ह्यांना ते सांगितलं.

"त्यांचं वय झालंय," ते म्हणाले.

"आपलं होणार नाही का?"

ते भराभर पुढे उतरायला लागले. नंतर घरात तो विषय निघाला की हे पेपर उघडायचे, मी भांडी घासायला घ्यायचे. शेवटी एक दिवस कणीक मळता मळता मी म्हटलं, "घ्या." घर पटलं होतं असं नाही. मी दमले होते.

बोलणी पक्की करायला गेलो तर देवळाच्या वळणावर रुग्णवाहिका उभी. वर गेल्यावर कळलं, मास्तरांची बायको सकाळी न्हाणीघरात घसरून पडली होती. स्ट्रेचर त्या अरुंद वळणांवरून आणता येईना. शेजाऱ्यांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून साडीने बांधलं होतं. खुर्चीला एका बाजूने धरायला माणूस कमी पडत होता. ह्यांनी हात लावला. मी तिच्या चपला आणि औषधांची पिशवी घेऊन मागून चालले. मास्तर पुढे, सारखे वळून बघत.

अर्ध्या वाटेवर दम खायला खुर्ची टेकवली. ती कण्हत होती, तरी आजूबाजूला बघत होती.

"हितलं किरानाचं दुकान कुठं गेलं?"

"बंद झालं, मावशी. बरेच दिवस झाले," एक शेजारी म्हणाला.

तिने मास्तरांकडे पाहिलं. "तुमी सांगितलं न्हाई." मास्तर तिचा पदर सारखा करायला लागले.

रुग्णवाहिका गेल्यावर हे देवळाच्या पायरीवर बसले. तळवे लाल झाले होते. ते चोळत म्हणाले, "नको घेऊया." मला हायसं वाटायला हवं होतं. पण त्यांच्याकडे बघून माझा जीव उगीचच कळवळला.

तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. आता ती दोघं श्रीरामपूरला लेकीकडे राहतात. मध्ये तिचा फोन आला होता. काठी घेऊन बाजारात जाते, म्हणाली. भाजीवाले भाव लई सांगतात अशी तक्रारही केली.

आम्ही भिंगारच्या बाजारामागे तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सकाळपासून टेम्पोंचे हॉर्न सुरू होतात. हे खिडकी लावून पेपर वाचत बसतात. काल एका एजंटचा फोन आला, सपाटीवरचं घर आहे म्हणाला.

"तूच बघून ये," हे म्हणाले. "तुला पटलं की मला सांग."

संध्याकाळी जाते म्हटलं. अजून गेलेले नाही. त्या घराला गच्ची आहे का, ते एजंटला विचारायचं राहिलंय.