काटा खाली आला तेव्हा

माझे दीर जुना डिझेल ट्रक चालवीत असत; त्याला ते 'म्हातारी' म्हणत. लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हापासून मी त्यांना ओळखते. परंतु घाबरलेले असे मी त्यांना एकदाच पाहिले.

त्या दुपारी मी त्यांच्या शेजारी बसले होते. भरलेला ट्रक चढ चढत होता आणि इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा तांबड्या रेघेजवळ पोहोचला होता. मी जीव मुठीत धरून बसले होते. इतक्यात काटा सरसर खाली आला. धोक्याचा दिवाही पेटला नव्हता.

"भाऊजी, तुमच्या म्हातारीचा ताप उतरला हो!" मी म्हणाले.

"वहिनी, मेलेल्याचाही ताप उतरतो."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी ट्रक कडेला घेतला, इंजिन बंद केले आणि चाकांमागे दगड लावले. रेडिएटरचा खालचा रबरी पाइप फाटून इंजिन गार ठेवणारे सगळे पाणी वाहून गेले होते. काट्याला आणि दिव्याला खबर देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरे सांगतो, हे मला तेव्हा कळले. मी फडक्याने रेडिएटरचे झाकण उघडू लागले, तोच ते ओरडले, "हात काढा! आत अजून वाफ असेल, तोंड भाजेल!"

झाकण गार होईपर्यंत आम्ही तासभर उभे राहिलो. पुढच्या आठवड्यापासून तो ट्रक त्यांचा मुलगा एकटा चालवणार होता.

"वहिनी, तुम्ही आता लिहायला शिकलात," ते म्हणाले. "मोठ्या अक्षरांत एवढं लिहून द्या: काटा एकदम खाली आला, तर आधी गाडी थांबव."