खव्याच्या वेबसाइटचे आठ ॲडमिन

सोमवारी सकाळी दहाला सुनंदाताईंचा फोन आला. “सर, आपल्या साइटवर खवा न्हाय.”

मी लॅपटॉप उघडला. खरंच नव्हता. होते ते आठ संचालक, फेटे बांधून, हात जोडून, एकाखाली एक. भूमकडच्या एका गावातल्या खवा उत्पादक गटाची ही वेबसाइट मीच बनवलेली. धाराशिवात एसटी स्टँडजवळ एका खोलीत बसून मी हाच धंदा करतो. साइट बंद पडलेली लई वेळा पाहिली, पण खव्याच्या साइटवरून खवाच गायब, हे पहिल्यांदा.

ताई रडकुंडीला आल्या होत्या. त्या गटाच्या सचिव, घरची भट्टीही त्याच चालवतात. आजवर गावचा खवा दलालाच्या गाडीत जायचा आणि पुढं त्याच्या नावानं विकला जायचा. पुण्याचा एक मिठाईवाला थेट गावाकडून घ्यायला तयार झाला होता. त्याच्याशी दोन महिने ताईच बोलत होत्या. अट एकच, भट्ट्या आणि भांडी किती स्वच्छ आहेत ते साइटवर दिसलं पाहिजे. त्या दुकानाचे मालक दुपारी तीनला साइट बघून ठरवणार होते. त्यांच्या मॅनेजरनं सकाळीच डोकावून पाहिलं आणि ताईंना फोन करून विचारलं, हे आठजण विकायला आहेत का?

ही साइट सीएमएसवर चालते. पूर्वी वेबसाइटवरचा एक शब्द बदलायचा तरी माझ्यासारख्याला कोड उघडावा लागायचा. सीएमएस हे असं सॉफ्टवेअर आहे की कुणीही लॉगिन करावं, मजकूर लिहावा, फोटो टाकावा आणि ‘पब्लिश’ दाबावं. मजकूर वेगळा राहतो आणि त्याचं दिसणं, म्हणजे थीम, वेगळी. थीम बदलली तरी मजकूर जागेवरच, कपडे बदलले तरी माणूस तोच असतो तसं. ताई हे दोन दिवसांत शिकल्या. भट्टीचं काम उरकलं की पदराला हात पुसून फोटो टाकायला बसायच्या.

घोळ झाला तो रोलवरून. सीएमएसमध्ये प्रत्येकाला एक रोल द्यावा लागतो. ॲडमिन सगळं करू शकतो, साइट मोडूसुद्धा शकतो. एडिटर फक्त मजकूर सांभाळतो. सबस्क्रायबर लॉगिन करून नुसता बघत बसतो. ॲडमिन शक्यतो एकच असावा, हे मी बैठकीत घसा फोडून सांगितलं होतं. चेअरमन आबा म्हणाले, तो एक म्हणजे आम्ही. व्हाइस चेअरमन अण्णांनी विचारलं, मग मी कोण? मी म्हणालो, एडिटर. अण्णा चहा अर्धा टाकून उठले.

“म्या आबाच्या हाताखाली एडिटर?”

त्यांना ॲडमिन केलं. मग उरलेल्या सहाजणांनीही तोंडं फुगवली, त्यांनाही केलं. एडिटर तेवढ्या सुनंदाताई, कारण काम त्यांनाच करायचं होतं. मी तेव्हा गप्प बसलो, चूक माझीच.

साइटवर कुणी काय केलं याची नोंद राहते. ती उघडली. खव्याच्या पानावर भट्टीशेजारी आबा उभे असलेला फोटो होता. त्यात अण्णा नव्हते. म्हणून अण्णांनी रविवारी ते अख्खं पानच डिलीट केलं. आबांनी मग संचालकांचं पान होमपेजला आणलं, स्वतः सगळ्यांच्या वर. पुढं दिवसभर वर कोण आणि खाली कोण याची कबड्डी.

सीएमएसमध्ये डिलीट केलेलं पान लगेच जात नाही, ट्रॅशमध्ये पडून राहतं. मी ते परत आणलं आणि होमपेजला लावलं. पाच मिनिटांत पुन्हा गायब. अण्णा मोबाइल घेऊन ऑनलाइन बसलेले. असं तीनदा झालं. अण्णांना फोन केला तर म्हणाले, आबाच्या वर माझा फोटो लाव. आबांना केला तर ते म्हणाले, अण्णा वर गेला तर साइटच नको. एव्हाना एक वाजला होता. माझं डोकं फिरलं.

खिडकीतून समोरच्या चौकातला कुठल्याशा कार्यक्रमाचा फ्लेक्स दिसत होता. सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरात एक नाव आणि खाली ‘मुख्य मार्गदर्शक’. त्या गृहस्थांनी कार्यक्रमात एक खुर्चीसुद्धा उचलली नसणार.

सीएमएसमध्ये रोलची नावं बदलता येतात. मी सबस्क्रायबरचं नाव ‘मुख्य मार्गदर्शक’ केलं आणि ॲडमिनचं ‘कामगार’. आठही संचालक मार्गदर्शकात टाकले. पान परत आणलं आणि आबांना फोन लावला.

“आबा, तुम्हाला बढती दिलीय. तुम्ही आता साइटचे मुख्य मार्गदर्शक.”

“आन अण्णा?”

“सगळे संचालक मार्गदर्शकच. पण यादीत तुमचं नाव पहिलं.”

“मग ॲडमिन कोण?”

“ते पद गेलं आबा. आता नुसता कामगार असतो. सुनंदाताईंना केलंय.”

“बराबर हाय. आमी कशाला कामगार व्हायचं?”

अण्णांचंही हेच उत्तर आलं. शब्दसुद्धा जवळपास तेच.

ताईंना सांगताना मात्र मला लाज वाटली. दोन महिने राबलेल्या बाईला मी कामगार करून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, “नाव काय बी ठेवा सर. माझं पान आता कुणाला काढता येनार न्हाय ना?” नाही, म्हटलं. त्या फोनवरच रडल्या.

तीनला मालकांनी साइट पाहिली. त्याच आठवड्यात स्वतः येऊन भट्ट्या बघून गेले. आता खवा थेट पुण्याला जातो आणि डब्यावर गावाचं नाव असतं.

आबांनी व्हिजिटिंग कार्डावर ‘मुख्य मार्गदर्शक, वेबसाइट’ छापून घेतलंय. मध्यंतरी त्यांचा फोन आला होता, लॉगिन केल्यावर एकही बटन दिसत नाही म्हणून. मी म्हटलं, मार्गदर्शकांना बटनं नसतात. त्यांना ते पटलं.

नव्यानं वेबसाइट करणाऱ्यांना एवढंच सांगतो. थीम, रंग, फोटो हे सगळं मागाहून बघा. आधी ॲडमिन ठरवा, आणि ज्याला कामगार म्हटलेलं चालतं त्यालाच करा.