आईचा रक्तगट

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, वर्ष २०१८. रक्कम दोन लाख. हजर: आई, ताई, भावोजी, माझी बायको आणि मी. स्थळ साकेत नगरातलं ताईचं घर. रक्कम इतक्या वर मांडली, कारण त्या दिवशी मीही सगळ्यांत आधी रक्कमच बोललो होतो.

ताईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं. भावोजी इन्सुलिनवर, त्यांची किडनी घेता येणार नव्हती. मूलबाळ नाही. उरलो मी, सख्खा धाकटा भाऊ, वय सत्तेचाळीस, तब्येत ठणठणीत. तसं कोणी म्हणालं नाही, पण पोहे खाताना माझ्याकडे कोणी बघतही नव्हतं.

मी खिशातून कारखान्याचं ओळखपत्र काढून टीपॉयवर ठेवलं. आमच्याकडे प्रत्येकाच्या गेटपासवर रक्तगट छापलेला असतो. टाउनशिपमध्ये कोणाला रक्त लागलं की आधी हीच कार्डं बघतात, त्यामुळे कार्डावर जे छापलंय ते शेवटचं, अशी आम्हा सगळ्यांचीच समजूत.

"माझा बी, ताईचा ओ. जुळत नाही," मी म्हणालो. "पण दोन लाख माझे. पीएफमधून काढतो."

ताई हसली. "कार्ड घेऊनच आलास? ठेव आत. मी काय गेटवर बसलेय?"

मीही हसलो. खरं सांगायचं तर खूप हलकं वाटलं. पुढचे काही आठवडे मी मोबाइलवर प्रयोगशाळेत वाढवलेल्या अवयवांबद्दल वाचत असे आणि ताईला फोनवर सांगत असे. स्वतःच्या पेशींपासून किडनी बनवायचे प्रयोग चाललेत, थोडा धीर धर. ती "हो का?" म्हणायची. तिच्या हातावर सुया टोचून टोचून गाठी आल्या होत्या.

डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं तेव्हा मी या प्रयोगांबद्दलच विचारलं. डॉक्टर तरुण होते, इथलेच हिंदी बोलणारे; शांतपणे म्हणाले, "वो दिन आएगा, सर. लेकिन इनके लिए अभी नहीं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आप भाई हैं ना? आपकी जाँच नहीं हुई?"

"ग्रुप जुळत नाही," मी मराठीतच बोललो आणि मग हिंदीत सांगितलं.

"अब उससे रुकता नहीं," ते म्हणाले. औषधं देऊन आणि रक्तातली प्रतिद्रव्यं काढून टाकून वेगळ्या गटाचीही किडनी बसवता येते, खर्च आणि जोखीम थोडी वाढते, असं त्यांनी समजावलं.

आता फक्त "माझी घ्या" एवढंच म्हणायचं होतं. मी विचारलं, "खर्चा कितना बढ़ेगा?"

आई माझ्याकडे बघत होती. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "त्याला राहू द्या. त्याची नोकरी आहे, मुलं शिकताहेत. माझा ओच आहे. याच्या बाळंतपणाच्या वेळेला दवाखान्यात तपासलं होतं."

"आई, सहासष्ट वर्षं झाली तुला!" ताई म्हणाली.

"मग? मला कुठे शिफ्टला जायचंय?"

भावोजींनी तिचं बोलणं हिंदीत सांगितलं. डॉक्टर म्हणाले की नुसत्या वयावरून आता नाही म्हणत नाहीत, तपासून बघू. तेव्हाही मला नको म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "आधी आईच्या तपासण्या तर होऊ देत."

परत येताना बायको स्कूटरवर मागे बसली होती. बाग सेवनियाच्या वळणावर मी वेग कमी केला, तेव्हा ती म्हणाली, "तपासण्या दोघांच्याही करता आल्या असत्या." मी वेग पुन्हा वाढवला. इंद्रपुरीतल्या आमच्या क्वार्टरपर्यंत तो तसाच ठेवला.

आईच्या सगळ्या तपासण्या चांगल्या निघाल्या. शस्त्रक्रिया पार पडली, आईची किडनी ताईच्या पोटात लगेच काम करू लागली. दोन लाख मी रुग्णालयात भरले. भरताना जराही जड वाटलं नाही, हे मला आजही टोचतं. वॉर्डात आई कुशीवर वळताना दात आवळायची आणि मला म्हणायची, "अरे, तू जेवलास का?"

ताई आता भाजी आणायला स्वतः जाते. माझ्याशी नीट बोलते, राखीही बांधते. माझ्या तपासणीचा विषय तिनं कधी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

कारखान्याच्या मेडिकल पुस्तिकेत आई माझ्यावर अवलंबून असलेली व्यक्ती म्हणून नोंदलेली आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या तिच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या यांचं बिल त्याखाली मंजूर झालं. अर्जावर सही माझी होती. चार हजार एकशे ऐंशी रुपये, पगाराबरोबर, माझ्या खात्यात जमा झाले.